भाड्याच्या यंत्रांची मोजदाद

घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. कूळ आणि जमीनदार यांचाही लिहिला गेला आहे. आज आम्ही तिसऱ्याच एका भाडेकरूची हकीकत सांगणार आहोत. हा भाडेकरू म्हणजे यंत्र भाड्याने घेणारा. आपल्या गावातली बँक, नगरपालिकेची घरपट्टी, रुग्णालयातील नोंदी, मुलांचे प्रवेश अर्ज ही सर्व कामे आज संगणकावर चालतात हे आपण जाणता. परंतु तो संगणक बहुधा आपल्या गावात नसतो आणि बहुधा त्या बँकेच्या किंवा संस्थेच्या मालकीचाही नसतो. तो दूर कोठेतरी, वीज आणि थंड हवा यांची सोय असलेल्या प्रचंड इमारतीत, हजारो भावंडांबरोबर मांडलेला असतो, आणि त्याचा वापर तासाच्या किंवा सेकंदाच्या भाड्याने विकत घेतला जातो. या व्यवस्थेस क्लाउड म्हणतात. नावात ढग असला तरी सारा मामला सिमेंट, तांबे आणि वीज यांचा आहे.

या भाड्यात एक प्रकार राखीव यंत्रांचा आहे. वर्ष किंवा तीन वर्षे इतकी यंत्रे आम्ही घेऊच असे भाडेकरूने अगोदर लिहून द्यावयाचे आणि त्याबदली मालकाने दर उतरवावयाचा. असे किती हक्क आपण घेतले, त्यांतील कितींचा उपयोग झाला, कोणते केव्हा संपतात, याची झाडती माणसाच्या हाताने घेणे अशक्य झाले, तेव्हा ती घेणारे प्रोग्रॅम लिहिले गेले. विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांनी कामगारांचे हजेरीपट तपासण्यात आयुष्याची तीस वर्षे घालविली आणि बाकीचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर घेतले, अशा आम्हांस त्यात एक जुनी ओळख दिसते. मोजमाप कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न गिरणीच्या दरवाजावर होता तसाच तो या इमारतींच्या दरवाजावरही आहे.

पहिला भाडेकरू

यंत्राने हिशेब करण्याचा उद्योग जन्मला तोच भाड्याच्या पायावर. अमेरिकेत १८८० च्या खानेसुमारीची आकडेमोड पुरी व्हावयास जवळजवळ आठ वर्षे लागली. पुढील खानेसुमारी दारात येऊन उभी राहिली तरी मागचे काम चालूच होते. तेव्हा हर्मन हॉलेरिथ या अभियंत्याने भोके पाडलेली कार्डे मोजणारे यंत्र काढले आणि १८९० च्या खानेसुमारीत ते वापरले गेले. हॉलेरिथने आपली यंत्रे सरकारला विकली नाहीत, भाड्याने दिली. काम झपाट्याने झाले, पण थोड्याच वर्षांत भाड्यावरून वाद पेटला. शेवटी १९१० च्या खानेसुमारीपूर्वी त्या खात्याने स्वतःच्या कर्मशाळेत वेगळी यंत्रे तयार करविली. जेम्स पॉवर्स नावाचा कारागीर त्या कामी पुढे आला. भाडेकरूने कंटाळून स्वतःचे घर बांधण्याचा या धंद्यातील हा पहिला मोठा प्रसंग म्हणता येईल.

हॉलेरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ साली तिला आय. बी. एम. हे नाव मिळाले. भाड्याची रीत मात्र तशीच राहिली. यंत्र कंपनीचे, दुरुस्तीचा माणूस कंपनीचा, आणि कार्डेसुद्धा कंपनीचीच घ्यावयाची. कार्डांची ही सक्ती बेकायदेशीर असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली दिला. यंत्रे नुसती भाड्याने न देता विकतही दिली पाहिजेत, हे बंधन १९५६ च्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने कंपनीवर आले. म्हणजे मालकीचा मार्ग भाडेकरूस खुला व्हावयास साठ-पासष्ट वर्षे लागली, आणि तोही कोर्टाच्या दारातून.

त्या काळच्या भाडेपट्ट्यातील एक कलम कामगार चळवळीतील माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. मूळ भाड्यात महिन्याला १७६ तासांचा वापर धरलेला असे. १७६ म्हणजे २२ दिवस गुणिले आठ तास. यंत्रालाही आठ तासांचा दिवस होता! यंत्रावर मीटर बसविलेला असे, आणि वापर १७६ तासांपलीकडे गेला की जादा आकार पडे. मौज अशी की हा जादा आकार मूळ दरापेक्षा कमी असे. आमच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने माणसाच्या जादा कामाला दुप्पट वेतन ठरविले, कारण माणूस थकतो. यंत्राचे जादा काम स्वस्त, कारण ते तेथे उभेच असते. १९५९ साली आलेल्या १४०१ या यंत्राचे भाडे महिना २,५०० डॉलरपासून पुढे होते. एवढे भाडे भरणाऱ्या कचेरीत मीटरकडे डोळे लावून बसलेला एक कारकून असावयाचाच. यंत्राच्या वापराची नोंदवही ठेवणे हे काम तेथून रूढ झाले.

आपल्याकडील हकीकत

हिंदुस्थानात ही गोष्ट दोन वाटांनी आली. एक वाट स्वतः यंत्र बांधण्याची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. त्यानंतर १९६४ साली त्याच संस्थेत सी. डी. सी. ३६०० हे मोठे परदेशी यंत्र आले, आणि देशातील निरनिराळ्या संस्थांचे शास्त्रज्ञ आपले गणित कार्डांवर घेऊन तेथे येऊ लागले. एकाच यंत्राच्या वेळेवर अनेकांचा हक्क, हा प्रश्न आपल्या देशात असा कुलाब्याच्या टोकाला उभा राहिला.

दुसरी वाट भाड्याची. आय. बी. एम. आपल्याकडे यंत्रे भाड्याने देई, आणि त्यांत अमेरिकेत वापरून झालेली १४०१ ची यंत्रे दुरुस्त करून येथे चालविण्याचा मोठा भाग होता. परकीय भांडवलाचा वाटा उतरविण्याच्या कायद्यावरून बेबनाव झाला आणि १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी कंपनीने उचलली. मालक निघून गेल्यावर आपल्यापाशी कोणते यंत्र कोठे, कोणत्या अवस्थेत आहे, याची यादी आणि दुरुस्तीची विद्या आपल्या हाताशी असली तरच काम चालू राहते, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

वेळेची वाटणी आणि पाऊण डॉलरचा फरक

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू; कारण क्लाउडचे मूळ तेथे आहे. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या विद्यापीठात जॉन मॅकार्थी याने असा विचार मांडला की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून घरोघर पुरविता येईल. त्याच वर्षी त्याच विद्यापीठात फर्नांडो कोर्बातो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका यंत्राचा वेळ अनेक माणसांत वाटून देणारी पद्धत चालवून दाखविली. प्रत्येकास वेळेचा ठरीव वाटा मिळे आणि तो सांभाळण्यासाठी प्रत्येकास परवलीचा शब्द दिलेला असे.

वाटा आला की वाट्यासाठी ओढाताण आलीच. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने यंत्राकडूनच सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर आपले काम चालविले. पुढे अनेक वर्षांनी त्याने ही गोष्ट स्वतःच सांगितली. हजेरी एकाची आणि काम दुसऱ्याचे, हा प्रकार आमच्या पाहण्यात पुष्कळ आहे; पण संगणकाच्या इतिहासात तो इतक्या लवकर घडला होता, हे वाचून आम्हांस नवल वाटले.

दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ संगणकाची देखरेख करीत होता. तेथे यंत्राच्या वेळेचा हिशेब दोन निराळ्या प्रोग्रॅमांनी ठेवला जाई. दोन्ही बेरजांत ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक आला. कोणीही सोडून दिला असता असा हा फरक. स्टोलने त्याचा पाठपुरावा केला, तेव्हा ज्याच्या नावे बिल पाठवावयाचे कोणी नाही असा एक वापरणारा सापडला. माग काढता काढता तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. तेथील एक इसम अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकत होता. येथे ध्यानात ठेवावयाची बाब अशी की, हिशेबाच्या वह्या दोन होत्या म्हणून चोर सापडला. एकच वही असती तर ती स्वतःशी नेहमीच जुळली असती.

तासाला दहा सेंट

मॅकार्थीचा विचार बाजारात उतरावयास पंचेचाळीस वर्षे गेली. ॲमेझॉन या कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये आपली यंत्रे तासाच्या भाड्याने खुली केली. लहान यंत्राचा दर तासाला दहा सेंट होता. करार नाही, अनामत नाही. हवे तेव्हा यंत्र सुरू करावे, नको तेव्हा बंद करावे.

मार्च २००९ मध्ये त्याच कंपनीने राखीव यंत्रांची योजना आणली. लहान यंत्रासाठी एका वर्षाचे ३२५ डॉलर किंवा तीन वर्षांचे ५०० डॉलर अगोदर भरले, की तासाचा दर दहा सेंटवरून तीन सेंटवर येई. आता आपण पाटीपेन्सिल घेऊन हिशेब करू. वर्षात ८,७६० तास. यंत्र अहोरात्र चालविले तर रोखीच्या दराने ८७६ डॉलर. राखीव दराने ३२५ अधिक २६२ डॉलर ८० सेंट, म्हणजे ५८७ डॉलर ८० सेंट. सुमारे एक तृतीयांश बचत झाली. पण यंत्र वर्षभर चाललेच नाही तर? तासामागे सात सेंट वाचतात, तेव्हा ३२५ डॉलर वसूल व्हावयास सुमारे ४,६४३ तास, म्हणजे अहोरात्र १९४ दिवस लागतात. त्याहून कमी वापर झाला, तर राखून ठेवणारा तोट्यात गेला. पुढे २०१४ च्या अखेरीस नियम असा झाला की, मुदतीतील प्रत्येक तासाचा आकार यंत्र चालो वा न चालो द्यावयाचाच. म्हणजे राखीव हक्क ही बिनवापराचीही किंमत असलेली वस्तू झाली.

येथे आम्हांस बदली कामगार आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार सकाळी दरवाजावर उभा राही. जागा निघाली तर काम, नाहीतर घरी. मालकाला तो हवा तेव्हा हाताशी असे आणि नको त्या दिवशी त्याचा खर्च नसे. कामबंदीच्या काळात अर्धी भरपाई देणारी कायद्याची दुरुस्ती १९५३ साली झाली, तीही वर्षभर सलग नोकरी न भरलेल्या बदली कामगारास वगळून. गोदीत मात्र १९४८ च्या कायद्यानंतर नोंदणीची योजना आली, आणि राखीव टोळीतील कामगारास काम न मिळालेल्या दिवसाचेही काही मिळावे हे तत्त्व झगडून मान्य करून घेतले गेले. हजर राहण्यालाही मोल आहे, ही गोष्ट माणसाच्या बाबतीत पटवावयास संप करावे लागले. यंत्राच्या मालकाने ती एका दरपत्रकात लिहून टाकली आणि भाडेकरूंनी मुकाट्याने सही केली.

कागदावरचा हक्क आणि चालते यंत्र

आता मोजदादीची खरी अडचण सांगतो. राखीव यंत्र या नावावरून असे वाटते की, कोठेतरी एक यंत्र आपल्या नावाची पाटी लावून बाजूला ठेवले असेल. तसे ते नसते. तो हक्क मुख्यतः बिलातील सवलतीचा असतो. अमुक जातीचे, अमुक प्रदेशातले यंत्र या तासाला चालू असेल, तर त्यास सवलतीचा दर लावावा, एवढेच त्यात असते. कोणत्या यंत्रास तो लागला हे दर तासाला बिल करणारा प्रोग्रॅम ठरवितो. एका बाजूस कागदावरचे हक्क, दुसऱ्या बाजूस चालती यंत्रे, आणि दोहोंची गाठ पडते ती मालकाच्या बिलात.

यात आणखी भानगडी शिरल्या. २०१६ मध्ये हक्क एका इमारतीसमूहाऐवजी सबंध प्रदेशाला लागू करून घेण्याची सोय झाली. २०१७ मध्ये लहानमोठ्या मापांत अदलाबदल चालू लागली. लहान यंत्राचा भार एक, मध्यमाचा दोन, मोठ्याचा चार, त्याहून मोठ्याचा आठ. म्हणजे आठ भाराचा एक हक्क दोन मोठ्या यंत्रांना किंवा आठ लहान यंत्रांना पुरावा, जात एकच असली तर. शिवाय एका संस्थेची अनेक खाती एका बिलाखाली असली, तर एका खात्याचा उरलेला हक्क दुसऱ्याच्या यंत्रास लागू शकतो. हक्काची मुदत संपली म्हणून यंत्र थांबत नाही. ते पूर्वीसारखेच चालत राहते आणि दर तेवढा रोखीचा होतो. लक्ष ठेवले नाही, तर महिना संपून बिल हातात पडेपर्यंत कोणाला कळत नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आम्ही जी रीत वापरीत आलो, ती येथे सांगणे उपयोगाचे होईल. एका कारखान्यात कंत्राटदाराचे मस्टर, दरवाजावरील पहारेकऱ्याची वही आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन असे तीन कागद आम्ही शेजारी शेजारी मांडले. मस्टरवर अशी नावे निघाली जी दरवाजातून कधी आतच आली नव्हती. आणि दरवाजाच्या वहीत अशी माणसे निघाली की ज्यांचे नाव ना मस्टरवर, ना चलनात. एकेक कागद आपापल्या जागी नीटनेटका होता. खोट दिसली ती तिघांची रुजुवात घातल्यावर. राखीव यंत्रांची मोजदादही हेच करते. पैसे भरले पण वापरले नाही, असे हक्क एकीकडे. वापर झाला पण हक्काचे छत्र नाही, अशी यंत्रे दुसरीकडे.

शोधणारा प्रोग्रॅम कसा हिंडतो

हे काम करणारा प्रोग्रॅम कसा चालतो, ते थोडक्यात पाहू. प्रथम तो संस्थेच्या सर्व खात्यांची यादी घेतो. मग प्रत्येक खात्यात, प्रत्येक प्रदेशात जाऊन तेथील यंत्रांना नव्हे, तर मालकाच्या चौकशीच्या खिडकीला विचारतो: येथे काय काय चालू आहे? मुंबईच्या खिडकीवर हैदराबादचे उत्तर मिळत नाही. प्रत्येक प्रदेशात निराळे विचारावे लागते. उत्तर मोठे असले तर पानापानाने मिळते, आणि प्रत्येक पानाखाली पुढचे पान मागण्याची खूण दिलेली असते. फार घाईने विचारले तर खिडकी थांबावयास सांगते. दुसऱ्या फेरीत तो हक्कांची यादी घेतो: जात, संख्या, प्रदेश, आरंभ, अखेर, आणि हक्क चालू की संपलेला. तिसऱ्या फेरीत बिलाच्या ओळी. मग तिन्हींचा मेळ घालतो.

या फेऱ्यांत चुकण्याच्या जागा ठराविक आहेत. पुढचे पान मागावयाचे राहिले, तर पहिल्या पानावरची यंत्रे तेवढीच जगात आहेत असा समज होतो. नवा प्रदेश खुला झाला आणि प्रोग्रॅमातील यादी जुनी राहिली, तर तेथील यंत्रे अदृश्य. सर्वांत फसवी चूक अशी: एखाद्या खात्यात पाहण्याचा अधिकार नसल्याने खिडकी नकार देते, आणि निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम तो नकार गिळून शून्य लिहितो. काही सापडले नाही आणि काही पाहू दिले नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीस गेलेल्या प्रत्येकास हा फरक माहीत असतो. यंत्रास तो शिकवावा लागतो.

ही हत्यारे भाडेकरूंनी गरजेपोटी स्वतःच घडविली, ही इतिहासातील मोलाची गोष्ट आहे. चित्रपट घरोघर पोहोचविणारी नेटफ्लिक्स कंपनी ॲमेझॉनची मोठी भाडेकरू होती. तिने २०१२ मध्ये एड्डा नावाचा प्रोग्रॅम सर्वांसाठी मोकळा केला. तो चालू यंत्रांची यादी वरचेवर घेई आणि जुन्या याद्याही सांभाळून ठेवी, म्हणजे अमुक दिवशी काय चालू होते हे मागाहून विचारता येई. २०१३ मध्ये तिनेच आइस नावाचा प्रोग्रॅम मोकळा केला. त्यात खर्च आणि राखीव हक्कांचा वापर दिसत असे. मालकाच्या बाजूनेही सोयी आल्या. २०१३ मध्ये कोणी काय विचारले व केले याची नोंद ठेवणारी, आणि २०१४ मध्ये मालमत्तेच्या स्थितीचा इतिहास ठेवणारी सेवा ॲमेझॉनने दिली. २०१२ मध्ये तर उरलेला राखीव हक्क दुसऱ्या भाडेकरूस विकण्याचा बाजारही तिने उघडला होता. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनीही मुदतीच्या करारावर सवलती आणल्या. २०१८ मध्ये सवलत नसलेले पण जागेची हमी देणारे आरक्षण आले; त्याचे भाडे वापर असो नसो चालू असते. २०१९ मध्ये यंत्राची जात न बांधता तासाला अमुक इतका खर्च करूच, असे वचन देण्याची पद्धत निघाली. प्रत्येक सोयीबरोबर मोजदादीचे एक नवे कोष्टक वाढले.

मोजदादीस न दिसणारे

इतके सारे झाल्यावरही प्रोग्रॅमला एक गोष्ट सांगता येत नाही. हे यंत्र कशासाठी आणि कोणासाठी चालू आहे? यंत्रावर चिठ्ठी लावण्याची सोय आहे: विभाग, काम, जबाबदार माणूस. पण चिठ्ठी माणसानेच लावावी लागते. ती लावलेली नसेल, तर यादीत एक क्रमांक दिसतो, त्याखाली खर्च दिसतो, आणि पुढे मौन. रात्री बारा ते पहाटे सहा रिकामे दिसणारे यंत्र खरोखर वाया जात असेल. किंवा रुग्णालयात रात्री अपघात आला तर लागावे म्हणून ते जागे ठेवलेले असेल. आग विझविणाऱ्या बंबाचा वापर टक्केवारीने मोजला, तर तो नेहमी रिकामटेकडाच ठरावयाचा.

म्हणून आमचा आग्रह असा की, ज्या तंत्रज्ञांच्या हाताखाली ही यंत्रे चालतात त्यांना विचारल्याशिवाय वाया गेल्याचा शेरा मारू नये. आमच्या अनुभवात खर्चकपातीची कात्री प्रथम माणसांवर चालते. माणसाचा रिकामा तास घड्याळ लावून मोजला जातो, आणि तीन वर्षांचा न वापरलेला यंत्रहक्क मात्र बिलाच्या चाळीसाव्या पानावर शांतपणे पडून असतो. संघटनेने बोलणीच्या मेजावर बसताना हे पानही मागावे. मोजमापाला आमचा विरोध नाही. नीट मोजमाप असते, तर आमच्या पुष्कळ माणसांची देणी बुडाली नसती. ते दोन्ही बाजूंचे असावे आणि दोन्ही बाजूंना दिसावे, एवढीच आमची मागणी आहे.

आपल्या पैशाचा प्रश्न

हा प्रश्न कंपन्यांपुरता राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टची यंत्रगृहे २०१५ मध्ये मुंबई व पुणे येथे, ॲमेझॉनची २०१६ मध्ये मुंबईस, गूगलची २०१७ मध्ये मुंबईस सुरू झाली. ॲमेझॉनने २०२२ मध्ये हैदराबादेसही उघडली. कृत्रिम बुद्धीच्या कामास लागणारी यंत्रे तर इतकी दुर्मिळ झाली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲमेझॉनने ती ठराविक दिवसांसाठी अगोदर राखून ठेवण्याची वेगळी योजना काढली. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारच्या मंत्रिमंडळाने कृत्रिम बुद्धीच्या राष्ट्रीय योजनेस पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. दहा हजारांहून अधिक अशी यंत्रे संशोधकांस व नव्या उद्योगांस उपलब्ध करून देणे हा तिचा एक भाग आहे. जो पैसा सार्वजनिक, त्यातून घेतलेल्या यंत्रांच्या तासांची मोजदादही सार्वजनिक असली पाहिजे: किती तास राखले, किती वापरले, कोणत्या विद्यापीठाने, कोणत्या कामास.

आपल्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा बँकेच्या सभेत जेव्हा संगणकाच्या खर्चाचा विषय येईल, तेव्हा सभासदांनी व नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. आपण किती यंत्रे राखून ठेवली आहेत आणि मुदती केव्हा संपतात? मागील बारा महिन्यांत त्या हक्कांपैकी किती वापरले गेले? राखीव नसलेली किती यंत्रे रोखीच्या दराने चालू होती? आणि ही यादी केवळ भाडे घेणाऱ्या कंपनीने दिली आहे, की आपल्या माणसांनी स्वतंत्रपणे घेऊन बिलाशी ताडून पाहिली आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रोग्रॅम घटकाभरात देऊ शकतो. चौथ्याचे उत्तर देण्यासाठी संस्थेत एखादा पगारी, कायम नोकरीतला, धाक नसलेला माणूस असावा लागतो. तो आहे की नाही, हेही त्याच सभेत विचारून घ्यावे.